शेवटच्या रांगेतला श्रोता: लहान कार्यक्रमांसाठी पॉवर्ड स्पीकर

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडावं असं मला वाटतं, त्यांच्या कार्यक्रमाला वेगळा साउंडवाला नसतो. दुपारच्या वेळी देवीच्या देवळात जमणारं महिला भजनी मंडळ, चातुर्मासात सभामंडपात कीर्तन ठेवणारे गावातले विश्वस्त, वाचनालयाच्या हॉलमध्ये कविता वाचणारी पाच-सहा मंडळी, नाट्यवाचन करणारा हौशी गट, गिटार घेऊन कॅफेत गाणारी दोन मुलं, गोव्यात किनाऱ्यालगतच्या हॉटेलांत रेकॉर्ड केलेल्या साथीवर संध्याकाळी गाणारे गायक. श्रोते पन्नासपासून दोनशेपर्यंत. सतरंज्या घालणारा, माइक लावणारा आणि नंतर गायला बसणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. स्पीकरचे पैसे वर्गणीतून, देणगीतून किंवा स्वतःच्या पगारातून येतात, आणि एकदा आणलेला स्पीकर आठ-दहा वर्षं वापरायचा असतो. इतक्या जपून खर्चायच्या पैशांविषयी मराठीत सविस्तर, स्पष्ट लिहिलेलं फार थोडं आहे, म्हणून हे लेखन.

या सगळ्या कार्यक्रमांचा प्राण शब्दांत आहे. कीर्तनकाराने पूर्वरंगात मांडलेला सिद्धांत कळला नाही तर उत्तररंगातलं आख्यान निराधार होतं. कवितेतला एक शब्द निसटला तर ओळ निसटते. आणि शब्द कुणाचा निसटतो? शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याचा. तिथे बहुधा वयस्क माणसं बसतात, कारण पाठीला भिंतीचा आधार मिळतो. वय वाढतं तशी उंच पट्टीतली कंपनं ऐकू येणं आधी कमी होतं. स, श, च, त, क या व्यंजनांची ओळख पटवणारा आवाजाचा भाग साधारण २००० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यात असतो, तर स्वरांचं बळ त्याच्या बरंच खाली असतं. त्यामुळे आजोबांना ‘आ’ ऐकू येतो, पण तो ‘का’ होता की ‘ता’ हे कळत नाही. ते म्हणतात, “जरा मोठा करा.” आपण आवाज मोठा करतो. स्वर आणखी मोठे होतात, हॉल घुमायला लागतो, व्यंजनं त्या घुमण्यात बुडतात, आणि पुढच्या रांगेतली माणसं कानावर हात ठेवतात. आजोबांना हवा असतो तो स्पष्टपणा, आणि स्पीकर घेताना तोच विकत घ्यायचा असतो. मोठेपणा आज फार स्वस्तात मिळतो. स्पष्टपणाला अजूनही पैसे पडतात, पण माणसं समजतात तेवढे नाही.

दुकानात मात्र बोलणं सुरू होतं ते वॅटवर. स्पीकरच्या पेटीवर १००० लिहिलेलं असतं, शेजारच्या पेटीवर १३०० असतं, भाव जवळपास सारखा असतो, आणि मंडळाचे खजिनदार साहजिकच मोठ्या आकड्याकडे वळतात. म्हणून वॅटचा हिशेब एकदा शांतपणे मांडू.

चांगल्या दहा इंची पेटीला फक्त एक वॅट दिला, तर एक मीटरवर साधारण ९४ डेसिबल आवाज मिळतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ८८, चार मीटरवर ८२, आठवर ७६ आणि सोळा मीटरवर ७०. सोळा मीटर म्हणजे बावन्न फूट, लहान मंगल कार्यालयाच्या शेवटच्या रांगेइतकं अंतर. आपण समोरासमोर बसून बोलतो तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. एका वॅटमध्ये शेवटच्या रांगेला त्याहून १० डेसिबल जास्त मिळतात. बंद हॉलमध्ये भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने त्यात थोडी भरच पडते.

एका वॅटवर कार्यक्रम होत नाही, हे खरं. गाणारा तार सप्तकात जातो, तबलजी सम ठोकतो, झांज वाजते, त्या क्षणी आवाज सरासरीच्या कितीतरी वर उसळतो. ती उसळी न फाटता पार पडायला २० डेसिबलची मोकळी जागा ठेवावी. २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद, म्हणजे शंभर वॅट. खरे, प्रामाणिक, सतत देता येणारे शंभर-दीडशे वॅट लहान मंगल कार्यालयातल्या दीड-दोनशे श्रोत्यांच्या भजनाला किंवा कीर्तनाला पुरतात. पाचशे वॅटच्या जागी हजार वॅट घेतले तर फरक पडतो तो ३ डेसिबलचा. तो लक्ष देऊन ऐकलं तर जाणवतो. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर ताकद सुमारे दहापट लागते. तीनशे वॅट जास्त म्हणून तीन-चार हजार रुपये जास्त मोजण्याआधी हा हिशेब कागदावर करून पाहावा.

त्यात पेटीवरचे ते हजार वॅट बहुतेकदा क्षणिक शिखराचे असतात. रूढ पद्धत अशी की स्पीकर सतत जितकी ताकद सोसतो तिच्या दुप्पट आकडा ‘प्रोग्राम’ म्हणून छापायचा आणि चौपट आकडा ‘पीक’ म्हणून. म्हणजे ‘पीक १०००’ वाचलं की २५० समजावं. यात लबाडीच असते असं नाही, कारण बहुतेक कंपन्या हेच करतात आणि माहितीपत्रकात तसं नमूदही करतात. पण एका कंपनीचा सतत आकडा आणि दुसरीचा पीक आकडा शेजारी ठेवून तुलना करणं व्यर्थ आहे. ‘कमाल आवाज १२६ डेसिबल’ ही ओळही तशीच वाचावी. तो आकडा एक मीटरवरचा, क्षणिक शिखराचा आणि अनेकदा केवळ गणिताने काढलेला असतो. मी त्यातून सरळ दहा वजा करतो आणि उरलेल्यावर विचार करतो. खालच्या टोकाच्या आकड्याबाबतही सावध राहावं. ‘५० हर्ट्झपासून’ असं लिहिलेलं असेल तर पुढे ‘उणे १० डेसिबल’ आहे की ‘उणे ३’ हे पाहावं. उणे १० वर मोजलेले ५० हर्ट्झ म्हणजे डग्ग्याची घुमारी आहे, पण बरीच दबलेली.

आता पेटीचा आकार. आठ, दहा, बारा की पंधरा इंच, या प्रश्नावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चुकीची खरेदी सर्वांत जास्त इथेच होते.

पंधरा इंची वूफरचा, म्हणजे खालचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, हलणारा भाग साधारण ३३ सेंटिमीटर रुंद असतो. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर. तरंगलांबी वूफरच्या रुंदीइतकी किंवा तिच्याहून लहान झाली की आवाज सगळीकडे पसरायचा सोडून टॉर्चच्या झोतासारखा समोरच्या समोर जाऊ लागतो. त्यामुळे पंधरा इंची वूफर हजार हर्ट्झच्या वर बाजूला बसलेल्यांना सोडून देतो. वरचा भाग सांभाळायला हॉर्न असतो. पण स्वस्त पेटीतल्या हॉर्नमागचा ड्रायव्हर लहान, साधारण एक इंची तोंडाचा असतो आणि त्याला दीड-दोन हजार हर्ट्झच्या खाली उतरवलं तर तो तापतो, चिरकतो. म्हणजे एक ते दोन हजारांमधला पट्टा अशा वूफरकडे राहतो, जो तो नीट पसरवू शकत नाही. आणि माणसाचं बोलणं कळण्यासाठी नेमका हा पट्टा आणि त्याच्या लगत वरचा भाग लागतो. स्वस्त पंधरा इंची पेटीसमोर निवेदन ऐकताना आवाज भरपूर असूनही शब्द तोंडातल्या तोंडात वाटतात, त्याचं कारण बहुतेकदा हे असतं.

दहा इंची वूफर साधारण २१ सेंटिमीटर रुंद, तो सोळाशे हर्ट्झपर्यंत बरा पसरतो, म्हणजे हॉर्नच्या हद्दीपर्यंत येऊन पोचतो. दोघांची गाठ नीट बसते. त्याच किमतीत दहा इंची आणि पंधरा इंची पेट्या समोर असतील आणि काम भजन, कीर्तन, काव्यवाचन, सुगम संगीत यांचं असेल, तर माझं मत न डगमगता दहा इंचीच्या बाजूने आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर, मंद्र पंचम १०४ वर. बाईंचा षड्ज काळी चार धरला तर २०८ च्या आसपास. हे सगळं दहा इंची पेटी सहज सांभाळते. डग्गा आणि पखवाज अंगावर यावेत असं वाटत असेल, किंवा कार्यक्रमानंतर रेकॉर्ड केलेली गाणीही लावायची असतील, तर बारा इंची घ्यावी. निव्वळ बोलणं आणि एखादं वाद्य असेल तर चांगली आठ इंचीही पुरते, शिवाय ती एका हाताने जिना चढवता येते. पंधरा इंची नाचगाण्यासाठी आहे. तिथे ती शोभते.

आज ज्या पेट्यांची चर्चा आपण करतो आहोत, त्यांचं वय फार नाही. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हा नटाचा गळा आणि नाट्यगृहाची बांधणी एवढंच ध्वनिवर्धन होतं. आज प्रत्येक पेटीत असतो तो हलत्या गुंडाळीचा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये आकाराला आणला. आपल्याकडे अहुजा या १९४० साली सुरू झालेल्या कंपनीचे ॲम्प्लिफायर आणि कर्णे गावोगाव पोचले. अनेक पिढ्यांनी सभा, जत्रा आणि कीर्तनं त्यांच्यावरच ऐकली. कर्ण्याचा आवाज पातळ असतो, त्यात डग्गा ऐकूच येत नाही, पण शब्द मैलभर कळतो, हे त्याचं श्रेय मानलं पाहिजे. त्यानंतर वेगळा ॲम्प्लिफायर आणि वेगळ्या लाकडी पेट्या आल्या. ॲम्प्लिफायर पेटीच्या आत बसवून हलक्या प्लास्टिकच्या अंगात विकायची कल्पना सर्वसामान्य वादकांपर्यंत पोचली ती १९९५ मधल्या जेबीएलच्या इऑन मालिकेपासून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मॅकीची एसआरएम ४५० आली, आणि २००९ मध्ये क्यूएससीच्या के मालिकेने छोट्या पेटीकडून काय अपेक्षा ठेवायची हेच बदललं.

यामागे दोन गोष्टी आहेत. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये जवळपास निम्मी वीज उष्णतेत जाते. क्लास डी पद्धतीत ट्रान्झिस्टर क्षणाक्षणाला पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते आणि जड ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची गरज संपते. जड ट्रान्सफॉर्मरची जागा स्विचिंग पॉवर सप्लायने घेतली आणि पेटी दहा-पंधरा किलोवर आली. दुसरी गोष्ट डीएसपी, म्हणजे पेटीच्या पोटातला छोटा संगणक. वूफर आणि हॉर्न यांच्यात आवाज कुठे वाटायचा, कुठला उंचवटा दाबायचा, ताकद मर्यादेबाहेर गेली तर कधी आवरायचं, हे तो ठरवतो. वूफरसाठी आणि हॉर्नसाठी वेगवेगळे ॲम्प्लिफायर असतात आणि ते त्याच पेटीसाठी बनवलेले असतात. जुन्या व्यवस्थेत चुकीचा ॲम्प्लिफायर जोडून स्पीकर जाळण्याची भीती होती, ती इथे जवळपास उरत नाही. ज्यांच्याकडे साउंडवाला नाही त्यांनी पॉवर्ड, म्हणजे आत ॲम्प्लिफायर असलेली, पेटीच घ्यावी असं मी म्हणतो ते याच कारणासाठी.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आतला ॲम्प्लिफायर गेला की ती पेटी गेली. शेजारच्या मंडळाकडून ॲम्प्लिफायर मागून आणून वेळ निभावता येत नाही. प्रत्येक पेटीला सिग्नलची केबल आणि विजेची वायर अशा दोन्ही लागतात, म्हणून प्रत्येक स्टँडजवळ प्लग हवा. ऊन, पाऊस, धूळ यांत स्पीकर बारमाही टांगून ठेवायचे असतील, जसे देवळाच्या आवारात असतात, तर तिथे साध्या पेट्या आणि आत खोलीत ॲम्प्लिफायर ही जुनीच रचना चांगली.

एक की दोन? जवळ पैसे एवढेच असतील की दोन सामान्य पेट्या येतील किंवा एक चांगली, तर एक चांगली घ्यावी. लहान हॉलमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचं स्टिरिओ सुख मधल्या चार खुर्च्यांनाच मिळतं. बोलणं आणि भजन एका पेटीतून उत्तम ऐकू येतं, उलट दोन पेट्यांचे आवाज किंचित वेळाने एकमेकांत मिसळून जो गढूळपणा येतो तोही टळतो. पुढच्या वर्षी त्याच जातीची दुसरी घ्यावी. हॉल रुंद असेल तेव्हा दोन्ही समोर लावाव्यात, नसेल तेव्हा दुसरी आडवी ठेवून गाणाऱ्यांसाठी मॉनिटर करावी. बहुतेक प्लास्टिक पेट्यांना त्यासाठी एक तिरकी बाजू दिलेली असते.

पेटी कुठे ठेवायची यावर पुढे एक सबंध प्रकरण आहे. इथे एवढंच सांगतो की पेटी खुर्चीवर किंवा स्टेजच्या काठावर ठेवली तर पहिल्या रांगेतली माणसं सगळा वरचा आवाज शोषून घेतात आणि मागे नुसती घूं पोचते. हॉर्न बसलेल्या श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर असला पाहिजे, तोंड शेवटच्या काही रांगांकडे. साध्या लोखंडी ट्रायपॉड स्टँडवर खर्च केलेला रुपया महागड्या पेटीवर खर्च केलेल्या रुपयाहून जास्त काम करतो, हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे. आणि माइक नेहमी पेटीच्या मागे. नारदीय कीर्तनात बुवा कॉलर माइक लावून पुढे-मागे फिरतात, ते पेटीच्या रेषेपुढे गेले की शिट्टी ठरलेली. बुवांना आधीच नम्रपणे दाखवून ठेवावं, “बुवा, या पट्टीच्या पुढे येऊ नका,” आणि पट्टी खरोखर जमिनीवर चिकटवावी.

शिट्टीचा आणि पेटीच्या दर्जाचा संबंध फार कमी लोकांना ठाऊक असतो. पेटीतून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा पेटीतून निघतो, आणि ज्या कंपनावर ही फेरी सर्वांत जोरदार होते तिथे शिट्टी सुरू होते. खराब पेटीचा आवाज सपाट नसतो. तिच्यात कुठे कुठे टोकदार उंचवटे असतात, बहुतेक दोन ते चार हजार हर्ट्झच्या मध्ये. बाकी सगळा आवाज अजून कमी असतानाच त्या एका टोकावर शिट्टी वाजते आणि तुम्हाला सगळाच आवाज खाली घ्यावा लागतो. सपाट पेटी तेवढ्याच माइकवर, तेवढ्याच हॉलमध्ये जास्त आवाज देते. म्हणजे स्पष्टपणाला दिलेले पैसे मोठेपणाही आणून देतात. त्याच जोडीला उघडे माइक मोजावेत. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीचा आवाज ३ डेसिबलने कमी मिळतो. आठ जणींच्या मंडळाला आठ माइक देण्यापेक्षा मुख्य गाणारीला एक, हार्मोनियम-तबल्याला एकेक आणि टाळकऱ्यांच्या ओळीला एक असे चार पुरेत. माइक ओठांपासून चार बोटांवर धरायची सवय लागली तर स्पीकर बदलायची वेळच कधी कधी येत नाही.

विजेविषयी मी कळकळीने लिहितो आहे. पेटीतून घूं असा आवाज येतो म्हणून तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकायची किंवा टू-पिन लावायचा, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. घूं थांबते आणि त्याबरोबर गाणाऱ्याच्या जिवाचं संरक्षणही थांबतं. ओल्या पायांनी उभं असताना धातूच्या जाळीचा माइक ओठांना लागला आणि कुठे वीज उतरलेली असली, तर झटका थेट तोंडाला बसतो. घूं घालवायचा योग्य मार्ग असा: मिक्सर आणि सगळ्या पेट्या एकाच बोर्डावरून चालवायच्या, सिग्नलसाठी बॅलन्स्ड एक्सएलआर केबल वापरायची, आणि विजेची वायर सिग्नलच्या केबलला समांतर न नेता काटकोनात ओलांडायची. गावाकडच्या मांडवात लांबच लांब बारीक वायरवरून वीज आणली की पेटीपाशी पोचेपर्यंत दाब उतरतो. विस्तृत दाबावर चालणारा पॉवर सप्लाय असलेली पेटी तिथे तग धरते, म्हणून माहितीपत्रकात तो आकडा पाहावा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पेटी मागवणाऱ्यांनीही हाच आकडा आधी पाहावा. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. काही पेट्या दोन्हीवर आपोआप चालतात, काहींना मागे निवडीची खटकी असते, आणि काही फक्त १२० साठीच बनवलेल्या असतात. त्या इथे प्लगमध्ये लावताच जातात. शिवाय वॉरंटी बहुधा ज्या देशात विकत घेतली त्याच देशात चालते.

पेटी कानाने निवडायची, तर दुकानात जाण्याची तयारी करावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्ली, दुकानं अरुंद, गर्दीची. दुकानदार जोरदार बीटचं गाणं लावून दाखवतो. त्या गाण्यावर कुठलीही पेटी बरी वाटते. आपला माइक सोबत न्यावा, आपल्यातल्या एका बाईला आणि एका पुरुषाला सोबत न्यावं आणि त्यांना मराठी उतारा वाचायला लावावा, ज्यात श, स, च भरपूर आहेत. ऐकणाऱ्याने समोरून सुरुवात करून हळूहळू बाजूला चालत जावं. पंचेचाळीस अंशांवर गेल्यावरही शब्द तितकाच कळला तर पेटी पसरते आहे. मग तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावावं. तारांचा नाद गोल राहतो की त्यावर करकरीत पापुद्रा चढतो, ते लगेच कळतं. शेवटी काहीही न लावता, आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवून, कान पेटीजवळ न्यावा. सुस्कारा आणि पंख्याची घरघर ऐकावी. काव्यवाचनात दोन ओळींमधली शांतता कवितेचाच भाग असते, तिथे पंखा असलेली पेटी मला नको वाटते. शक्य झालं तर अनामत ठेवून पेटी एक दिवस आपल्या हॉलमध्ये आणावी. नियमित व्यवहार करणारे दुकानदार याला तयार होतात.

नावं विचारली जातात, म्हणून थोडं. यामाहाची डीबीआर १०, इलेक्ट्रो-व्हॉइसची झेडएलएक्स मालिका, क्यूएससीची सीपी ८, जेबीएलच्या इऑन, इटलीच्या आरसीएफच्या लहान पेट्या आणि कमी पैशांत बेहरिंगर व आल्टो, ही नावं लहान कामासाठी वारंवार ऐकू येतात. भारतात अहुजा, स्टुडिओमास्टर आणि एनएक्स ऑडिओ सहज मिळतात. यातली यामाहाची दहा इंची पेटी बोलण्याच्या स्पष्टपणासाठी मला विशेष आवडते. भाव मी मुद्दाम देत नाही, ते दर वर्षी हलतात. पण दोन पेट्यांत निर्णय होत नसेल तर आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या शहरात दुरुस्ती कुठल्या पेटीची होते, हॉर्नचा पडदा आणि ॲम्प्लिफायरचा मॉड्यूल सुटा मिळतो का, एवढंच विचारावं आणि उत्तर मिळेल ती पेटी घ्यावी.

उभ्या सडपातळ स्तंभासारख्या पेट्या २००३ मध्ये बोसच्या एल १ नंतर लोकप्रिय झाल्या. छोटे छोटे स्पीकर एकावर एक रचलेले असल्यामुळे त्यांचा आवाज छताकडे आणि जमिनीकडे कमी जातो, त्यामुळे घुमणाऱ्या दगडी सभामंडपात त्या फार उपयोगी पडतात. पुढच्या आणि मागच्या रांगेतला फरकही त्या कमी करतात. पैसे असतील आणि देऊळ घुमत असेल तर त्यांचा जरूर विचार करावा. बॅटरीवर चालणाऱ्या पेट्या दिंडीत, प्रभातफेरीत, वीज नसलेल्या घाटावर अनमोल आहेत. पण मोबाइलवरून ब्लूटूथने साथ वाजवून त्यावर गायचं असेल तर तिथे केबलच लावावी, कारण ब्लूटूथची जोडणी मध्येच तुटली तर गाणारा आणि सोबत वाजवणारा तबलजी अडखळतात.

आणखी एक श्रोता असतो, भिंतीपलीकडचा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते. जिथे तो लावला त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या परिसरात नियम आणखी कडक आहेत. मी हे दंडाच्या धाकाने लिहीत नाही. शेजारच्या इमारतीत तान्हं मूल असतं, परीक्षेला बसलेली मुलगी असते, आजारी माणूस असतो. उंचावर लावलेली, श्रोत्यांकडेच तोंड असलेली, सपाट आवाजाची पेटी कमी आवाजात काम भागवते आणि हद्दीबाहेर कमी सांडते. श्रोत्याला कळावं आणि शेजाऱ्याला त्रास होऊ नये, या दोन्ही गोष्टी त्याच एका खरेदीतून साधतात.

राहिला पैशांचा वाटा. एकूण शंभर रुपये असतील तर साठच्या वर पेटीवर घालू नयेत. उरलेल्यात दोन बरे माइक, धड केबली, मजबूत स्टँड, अर्थिंगचा चांगला बोर्ड आणि पेटीची जाड पिशवी बसवावी. हॉलचं माप, श्रोत्यांची संख्या, वाद्यं आणि पैसे यांवरून पेटी कशी ठरवायची याचे तक्ते पुढच्या प्रकरणांत आहेत, माइक आणि मिक्सरची जोडणी त्यानंतर येते, आणि बिघाड झाला तर कार्यक्रम न थांबवता काय करायचं ते शेवटी. पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या हॉलची लांबी स्टेजपासून शेवटच्या भिंतीपर्यंत मीटरमध्ये मोजून ठेवावी. तिथल्या पहिल्याच तक्त्याच्या पहिल्या रकान्यात तोच आकडा लागतो.